काष्टीच्या अर्जाची पोच

माझी आई शाळेत बाई होती, आणि माझ्याबद्दल तिचं एक ठाम मत होतं. “पोरगी हुशार आहे, पण हिला पोच नाही.” पाहुण्यांसमोर म्हणायची, चर्चमधून परत येताना चारचौघींत म्हणायची, माझ्या सासूला तर तिने हे लग्नाच्या बोलणीतच सांगून टाकलं होतं. पोच म्हणजे कुठे काय बोलावं याची समज. पुढे मी श्रीरामपुरात वेबसाईट बनवायचा धंदा सुरू केला आणि मला या शब्दाचा दुसरा अर्थ जास्त कामाला यायला लागला. कागद हातात पडला की ‘मिळाला’ म्हणून सही करून देतात, ती पोच. या दुसऱ्या पोचेत मी पक्की आहे, असं मला वाटायचं. काष्टीच्या एका बाईने एका उन्हाळ्यात दाखवून दिलं की माझ्याकडे दोन्ही नाहीत, आणि तेही आवाज न चढवता.

आमच्या इथे कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा आहे. लहानशी आहे, पण काम चोख. पहिलीला मोजक्याच जागा असतात. पूर्वी आईबाप लेकराला घेऊन एसटीने यायचे, रांगेत उभं राहून अर्ज द्यायचे आणि परत एसटीने जायचे. तिथल्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या एकदा मला म्हणाल्या, “अगं, भंडारदऱ्याच्या बाजूची बाई पोर कडेवर घेऊन इथवर येते, ती काय नुसता कागद द्यायला? घरबसल्या होईल असं काहीतरी कर ना.” मग मी शाळेच्या वेबसाईटवर अर्जच टाकला. मुलाचं नाव, वय, गाव, जिल्हा, कानाच्या तपासणीचा फोटो, आणि खाली हिरवं बटण. बटण दाबलं की चौकटीत यायचं : ‘धन्यवाद. आपला अर्ज मिळाला आहे.’ पानाच्या तळाशी, ‘अडचण आल्यास’ म्हणून माझा नंबर.

त्या ‘धन्यवाद’मागे माझी एक हुशारी होती, ती आधीच कबूल करून टाकते. जुना सर्व्हर महासंथ. लोक बटण दाबायचे, काहीच होत नाही म्हणून परत दाबायचे, आणि एकाच पोराचे चार-चार अर्ज पडायचे. मोठ्या बाई वैतागल्या. मग मी असं केलं की बटण दाबताक्षणी ‘धन्यवाद’ दिसावं, सर्व्हर अर्ज घेईल तेव्हा घेईल. म्हणजे कागद हातात पडायच्या आधीच पोच. लोकांनी दोनदा दाबणं बंद केलं आणि मी स्वतःवर खूश झाले.

मग जुन्या सर्व्हरवाल्यांनी कळवलं की आम्ही गाशा गुंडाळतोय, महिन्याभरात तुमचं सामान हलवा. वेबसाईट हलवणं म्हणजे बिऱ्हाड हलवणंच. सगळं बांधायचं, दुसरीकडे नेऊन लावायचं, आणि मग आठ दिवस ‘चहाची गाळणी कुठंय’ करत बसायचं. एक फाईल काही केल्या जुन्या सर्व्हरवरून उतरेना. ती मी माझ्या पेनड्राइव्हवरच्या जुन्या कॉपीतून घेतली. तेवढ्यासाठी कोण अडून बसतंय! नवीन सर्व्हरवर साईट लगेच उघडली, पळायला लागली. मी खालच्या रसवंतीतून मोठा ग्लास मागवला, बर्फ कमी, आलं जास्त.

अर्ज सुरू होऊन आठवडा झाला आणि मोठ्या बाईंचा फोन आला. “यंदा अर्ज फार कमी आहेत गं. आणि जे आहेत ते बघ ना. एक बीडचा, दोन नाशिकचे, एक पुण्याचा, आणि बाकी सगळे आपल्या अकोले तालुक्यातले, पार डोंगरातले. श्रीरामपूरचा एक नाही, राहुरीचा नाही, नगरचा नाही. असं कसं?”

मी म्हटलं, “लोक शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात हो, बाई. सवय आहे आपली.”

तरी फोन ठेवल्यावर मी स्वतः अर्ज भरून बघितला. नाव ‘टेस्ट टेस्ट’, गाव ‘टेस्ट’, जिल्ह्याच्या यादीत पहिलं नाव येतं ते निवडलं, बटण दाबलं. मिनिटभरात अर्ज शाळेच्या मेलवर हजर. परत भरला, परत हजर. मोबाईलवरून भरला, शेजारच्या दुकानातल्या मोबाईलवरून भरला. सगळे पोचले. आता यात बिघाड कुठला शोधायचा? माझं डोकं चालेना. गाडी बंद पडली तर ढकलता तरी येते. इथे गाडी मस्त चालत होती आणि तरी कुणी कुठे पोचत नव्हतं.

माझा पहिला संशय मेलवर. अर्ज येत असतील आणि मेलच्या कचऱ्यात पडत असतील. मोठ्या बाईंच्या ऑफिसात जाऊन मी तो कचरा उपसला. त्यात साड्यांच्या जाहिराती निघाल्या, अर्ज नाही. दुसरा संशय नवीन सर्व्हरवाल्यांवर. त्यांच्या माणसाशी मी तासभर भांडले. तो गोड आवाजात म्हणत राहिला, “मॅडम, आमच्या बाजूने सगळं ओके आहे. तुमच्या बाजूने एकदा चेक करा.” मी म्हटलं, “माझ्या बाजूने मी दहा दिवस चेक करतेय, माझी बाजू झिजली!” तो म्हणाला, “ओके मॅडम, अजून काही मदत?” तिसरा संशय फोटोवर. कानाच्या तपासणीचा फोटो फार मोठा होत असेल. ती मर्यादा वाढवली. चौथा सुरक्षेच्या कुलुपावर, तेही सैल केलं. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं, साप कुठेच दिसत नव्हता.

आणि या सगळ्यात ते अकोल्याचं कोडं माझ्या डोक्यात भुंग्यासारखं. ज्यांच्याकडे फोनला रेंज मिळवायला टेकडीवर चढावं लागतं, त्यांचे अर्ज बरोबर येतायत. आणि शाळेपासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या श्रीरामपूरकरांचा एक येत नाही. मी नकाशा काढून बसले. डोंगराळ भाग, पश्चिमेकडचा टॉवर, वेगळी कंपनी… असलं काहीबाही वहीत लिहीत होते. नवऱ्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, “भूगोलाची परीक्षा आहे का?” त्याच्यावरही खेकसले.

काष्टीच्या बाईंचा पहिला फोन याच दिवसांत आला. आवाज बारीक, घाबरट नाही पण जपून. “मॅडम, पोरीचा फारम भरलाय. ‘मिळाला’ म्हनतंय. पन शाळंला फोन केला तर त्या म्हनत्यात नाव न्हाई.”

मी म्हटलं, “‘धन्यवाद’ आलं ना ताई? मग झालं. यादीत यायला वेळ लागतो.” वेळ लागत नाही, हे मला माहीत होतं. पण माझ्या तोंडून गेलं.

तीन दिवसांनी परत. “मॅडम, परत भरला. परत ‘मिळाला’ म्हनलं. नाव न्हाईच.”

“नेट कमी असेल तुमच्याकडे.”

“नेट हाय की. व्हिडिओ दिसत्यात.”

तिसरा फोन आला तेव्हा मी त्या सर्व्हरवाल्याशी भांडून नुकताच फोन आपटला होता. बाई म्हणाल्या, “मॅडम, तिसऱ्यांदा भरला.” आणि मी म्हटलं, आजही ते शब्द माझे मला ऐकू येतात, “बाई, इतरांचे बरोबर येतायत ना? मग तुमचंच काहीतरी चुकत असणार. फॉर्म नीट वाचून भरा. कुणा शिकलेल्याकडून भरून घ्या.” मग “बरं मॅडम” आणि फोन बंद. आई असती तर म्हणाली असती, बघा, पोच नाही.

त्यांच्यासारखे आणखीही काही फोन येत होते. कुणी लोणीचा, कुणी नेवाशाचा. सगळ्यांना मी तेच सांगितलं, नेट, मोबाईल, थांबा. कुणाचं नाव लिहून घेतलं नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या दुकानाच्या दारात एक बाई उभ्या. साधी सिंथेटिक साडी, डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकची फाईल, आणि दुसऱ्या हाताला सहाएक वर्षांची मुलगी. मुलीच्या एका कानात यंत्र होतं. त्या म्हणाल्या, “मी काष्टीची. फोन केल्ता ती.”

काष्टी म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. पहाटेची गाडी धरून नगर, तिथून राहुरीवरून श्रीरामपूर. ज्या प्रवासातून लोकांना सोडवायला मी हा सगळा उपद्व्याप केला होता, तोच प्रवास करून बाई आल्या होत्या, लेकराला घेऊन. मी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि काय बोलावं ते न सुचून म्हटलं, “एवढ्या लांब कशाला आलात?”

“आज शेवटचा दिस हाय,” त्या म्हणाल्या. “पुढल्या साली ती सात पुरी व्हती. मग पहिलीला घेत न्हाईत म्हनं. गावातल्या शाळंत बसती ती, पन नुसती बसती. बाई फळ्याकडं तोंड करून शिकवती, हिला काय दिसायचं?”

मुलगी माझ्या टेबलावरच्या कीबोर्डकडे बघत होती. मी तिच्यापुढे सरकवला. ती एकेक बटण दाबायची आणि पडद्यावर अक्षर उमटलं की माझ्याकडे बघायची.

बाईंनी फाईल उघडली. आत दोन कागद होते, दोन्ही हाताने लिहिलेले. “ह्यो माजा फारम, ह्यो दुसऱ्या बाईचा,” त्या म्हणाल्या. “नगरला कानाच्या तपासणीला एक बाई भेटल्ती, अकोल्याकडची. तिच्या पोराचं नाव यादीत आलं. मंग मी तिला फोन करून इचारलं, तू काय काय भरलं ते वळीनं सांग. तिनं सांगितलं, म्या लिवून घेतलं. मंग माजं त्याच्या शेजारी ठिवलं. पोराचं नाव येगळं, गाव येगळं, ते आसनारच. बाकी समदं सारकंच. एकच वळ येगळी हाय.”

आणि त्यांनी ‘जिल्हा’ या शब्दावर बोट ठेवलं.

त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, अहिल्यानगर. दुसऱ्या कागदावर, अकोला.

“म्या तिला म्हनलं, आगं, अकोला तिकडं विदर्भात. तुमचं अकोले. तुमचा जिल्हा ह्योच. तर ती म्हनली, यादीत पहिलंच दिसलं ते दाबलं. आमच्याकडं समदेच त्येच दाबत्यात. गेला ना फारम? मंग झालं.”

मी त्या दोन कागदांकडे बघत राहिले. अकोले आणि अकोला. ‘अकोल्याचा’ म्हटलं की कुठलं ते कुणालाच कळत नाही, त्यांची पत्रंसुद्धा जन्मभर विदर्भ फिरून येतात. ती माणसं घाईत यादीतलं पहिलं नाव दाबत होती. आणि मी? मीही ‘टेस्ट टेस्ट’ करताना यादीतलं पहिलंच नाव दाबत होते. दहा दिवस. अकोला, अकोला, अकोला.

मी ती पेनड्राइव्हवरची फाईल उघडली. अर्ज आला की सर्व्हर जिल्ह्याचं नाव एका यादीशी ताडून बघतो, नसलं तर अर्ज बाहेर टाकतो. ती यादी या फाईलमध्ये होती. आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा मी ते दोन्हीकडे बदललं होतं, लोकांना दिसणाऱ्या यादीत आणि या आतल्या यादीत. पण ही कॉपी त्याच्या आधीची. समोर अहिल्यानगर, आत अजून अहमदनगर. आम्ही तोंडाने तर कायम नुसतं नगरच म्हणतो, त्यामुळे माझ्या डोळ्याला ते खुपलंसुद्धा नाही. बीडवाला आत, पुणेवाला आत, चुकून अकोला लिहिणारा आत, आणि आपला जिल्हा खरा लिहिणारा प्रत्येक माणूस बाहेर. आणि बाहेर काढताना त्याला वर माझं ‘धन्यवाद’.

काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते, भूगोलाची वही घेऊन.

“ताई,” मी म्हटलं, “तुम्हाला हे कळलं होतं, तर तुम्हीही अकोला टाकून बघायचं होतंत. गेला असता की.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही भलतंच बोलले.

“खोटं कसं टाकायचं, मॅडम? पोरीच्या शाळंचा कागद हाय. आन् तुमीच म्हनला ना, नीट वाचून भरा.”

मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. मी हात जोडले आणि म्हटलं, “ताई, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं. फॉर्म पण माझाच चुकीचा, आणि बोलले ते पण चुकीचं.” त्या संकोचल्या, “आसूं द्या, आसूं द्या,” म्हणाल्या.

आतली यादी दुरुस्त करायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग मी म्हटलं, आता तुमच्याच मोबाईलवरून भरा, माझ्यासमोर. त्यांनी शांतपणे, एकेक ओळ बोटाने वाचत चौथ्यांदा अर्ज भरला. अहिल्यानगर निवडलं. हिरवं बटण दाबलं. चौकट उघडली : ‘धन्यवाद. आपला अर्ज मिळाला आहे.’

मी सुटकेचा श्वास सोडला. त्या पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “ह्ये तर मागं बी म्हनलं हुतं.”

दुकान तसंच उघडं टाकून मी दोघींना घेऊन शाळेत गेले. मोठ्या बाईंच्या कॉम्प्युटरवर अर्ज आलेला होता, पण मी तो छापून हातात द्यायला लावला, त्यावर शिक्का मारून घेतला. काष्टीच्या बाईंनी लेकीचं नाव वाचलं, मग लेकीचं बोट धरून त्या नावावर ठेवलं.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. “आणि बाकीचे?” एवढंच म्हणाल्या. सर्व्हर बाहेर टाकलेल्या अर्जांची नोंद ठेवतो, ती उघडायचं मला इतक्या दिवसांत सुचलंच नव्हतं, पण त्यात फक्त वेळ असते, नाव नसतं. अशा नोंदी खूप होत्या. त्यातले किती लोक एकदाच भरून, ‘धन्यवाद’ वाचून घरी निवांत बसले होते, ते कळायला मार्ग नव्हता. मोठ्या बाईंनी आठवडाभर मुदत वाढवली, अंगणवाडीच्या ताईंच्या ग्रुपांवर निरोप टाकले. मी माझ्या मोबाईलमधले ते सगळे अनोळखी नंबर काढून एकेकाला फोन लावत बसले, माफी मागत. नेवाशाचे एक आजोबा म्हणाले, “पर आमाला तर मिळाला म्हणून आलं हुतं, आमी वाट बघतोय.” असं म्हणणारे तेच एकटे नव्हते. काही नंबर लागलेच नाहीत.

‘धन्यवाद’ची ती हुशारी मी त्याच दिवशी काढून टाकली. आता सर्व्हरने अर्ज खरंच घेतला तरच ओळ दिसते, तीही अर्जाच्या क्रमांकासह. नेट संथ असलं की लोक वाट बघतात, दोनदा दाबतात, चार अर्ज पडतात. पडू देत.

त्या मुलीची निवड झाली. चाचणी झाली, मुलाखत झाली, यादी लागली, आणि तिचं नाव होतं. जूनमध्ये मुलं राहायला आली त्या दिवशी मी मुद्दाम शाळेत गेले. काष्टीच्या बाई लेकीची पत्र्याची पेटी घेऊन ऑफिसच्या दारात उभ्या होत्या. मुलगी आत कधीच पळाली होती. एका मोठ्या मुलीने हातांनी काहीतरी खूण केली आणि हिने लगेच तशीच करून दाखवली. पहिल्या दिवशीच! आई ते दारातून बघत होती. मला बघून हसली, मग डोळ्यांना पदर लावला.

“सहा वर्सात एक रात लांब ठिवली न्हाई हिला,” त्या म्हणाल्या. मग मोठ्या बाईंच्या टेबलाशी जाऊन, अर्ध्या हसत, अर्ध्या रडत म्हणाल्या, “बाई, कागदाची पोच दिली, पेटीची दिली. आता पोरगी दिली. तिची पोच द्या.”

मला हसू आलं. मोठ्या बाईंना आलं नाही. त्यांनी पावत्यांचं पॅड पुढे ओढलं, पेन उघडलं, आणि स्वच्छ अक्षरात मुलीचं नाव लिहून पुढे लिहिलं, ‘मिळाली.’ खाली सही केली, शिक्का मारला, आणि पावती फाडून दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली.

बाईंनी ती नीट वाचली, दोनदा वाचली, घडी घालून फाईलमध्ये ठेवली, आणि नगरची गाडी धरायला निघाल्या.